एक अळी बोंड पोखरते, दुसरी रेशीम विणते: कारंज्याची गुलाबी बोंडअळी आणि झाडीपट्टीतला कोसा

कारंजा लाडच्या आसपास कापूस पेरणाऱ्या कोणालाही विचारा, 'गुलाबी' म्हटलं की आधी रंग आठवत नाही, अळी आठवते. आता तिथून समृद्धी महामार्गानं नागपूर गाठा आणि पुढं भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात शिरा. तिकडं अशीही कुटुंबं आहेत, जी झाडावर अळ्या सोडतात, त्यांना पक्षी खाऊ नयेत म्हणून दिवसभर राखण करतात आणि अळी जगली म्हणजे वर्ष निभावलं असं मानतात.

एकाच विदर्भात एका टोकाला अळी मारायची धडपड आणि दुसऱ्या टोकाला अळी जगवायची धडपड. गंमत म्हणजे हे दोन्ही कीटक नात्यातले आहेत. दोघंही पतंगवर्गातले, दोघांचं आयुष्य अंडी, अळी, कोष आणि पतंग याच चार टप्प्यांतलं. मग एक शत्रू आणि दुसरा पोशिंदा कसा झाला? याचं उत्तर दोघं राहतात त्या जागेत सापडतं, आणि ते समजलं तर कारंज्याच्या शेतकऱ्याला बोंडअळीशी लढायचे काही सोपे मार्गही दिसतात.

आधी ओळख करून घेऊ

गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. 'गॉसिपियम' म्हणजे कापूस, म्हणजे हिच्या नावातच कापूस आहे. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञानं तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही भारतात कापसाचं नुकसान करणाऱ्या नमुन्यांवरून. म्हणजे ही अळी बीटी बियाण्याबरोबर आलेली नाही. ती आपल्याकडं फार जुनी आहे. तिचा पतंग राखाडी-तपकिरी असतो. पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. रात्री उडतो, दिवसा मातीच्या भेगांत लपतो. शेतात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसानंही तो क्वचितच पाहिलेला असतो.

दुसरा कीटक म्हणजे तसर रेशमाचा पतंग, अँथेरिया मायलिट्टा. पूर्व विदर्भात याला आणि याच्या रेशमाला 'कोसा' म्हणतात. याचा पतंग पंख पसरून पंधरा सेंटीमीटरच्या पुढं जातो, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाएवढा. चारही पंखांवर डोळ्यासारखे गोल, पारदर्शक ठिपके असतात. अळी हिरवीगार, पानाच्या रंगात मिसळून जाणारी आणि पूर्ण वाढली की हाताच्या बोटापेक्षा लांब आणि जाड.

बोंडअळीचे कित्येक पतंग या एका पतंगाच्या पंखावर बसवता येतील, इतका आकारात फरक.

एकाचं घर बोंड, दुसऱ्याचं घर झाड

बोंडअळीची मादी पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं आणि केसाएवढी बारीक अळी लगेच फुलात किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून रेशमी धाग्यानं बांधल्या जातात आणि फूल उमलतच नाही. हीच ती 'डोमकळी'. बोंडात शिरली तर आत जायचं छिद्र काही काळानं बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार आणि धडधाकट दिसतं. आत मात्र अळी एकेक सरकी पोखरत असते.

तिला धाग्यात रस नाही, तिला हवी असते सरकी. पण सरकीपर्यंत पोचायला ती धाग्यातून वाट काढते, त्यामुळं धागा तुटतो, पिवळट पडतो, बोंड नीट उमलत नाही आणि वेचणीला कवडी हाती लागते. वजन घटतं, प्रत घटते, आणि बाजारात भाव पाडून मागितला जातो.

बोंडाच्या भिंती म्हणजे अळीची गढी. पाऊस, पक्षी, परभक्षी कीटक आणि फवारणी, यातलं काहीच तिच्यापर्यंत सहज पोचत नाही. म्हणूनच 'डोळ्याला दिसली की फवारू' हा हिशोब इथं चालत नाही. दिसेपर्यंत काम झालेलं असतं.

तसरच्या अळीचं जगणं याच्या उलट. ती ऐन (काही भागांत येन म्हणतात) आणि अर्जुन या झाडांची पानं खाते, तीही उघड्यावर. पाऊस, वारा, ऊन सगळं अंगावर. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, ढेकूणवर्गातले किडे सगळे तिच्यावर टपलेले. उझी माशी नावाची एक माशी तर अळीच्या अंगावर अंडी घालते आणि त्यातून निघालेली पिल्लं अळीला आतून खातात. रंगानं पानात मिसळून जाणं हाच अळीचा मुख्य बचाव. म्हणून तसर पाळणारा माणूस घरात बसून रेशीम काढू शकत नाही. तुतीच्या रेशीमकिड्यासारखं याला ट्रेमध्ये पान टाकून वाढवता येत नाही. त्याला जंगलातच सोडावं लागतं आणि माणसानं त्याच्यामागं जंगलात जाऊन बसावं लागतं. भंडारा-गडचिरोलीकडं ढीवर समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यानपिढ्या हे काम करत आली आहेत.

दोघंही झोपतात, आणि इथंच खरी किल्ली आहे

विदर्भाचा उन्हाळा कसा असतो हे वेगळं सांगायला नको. मार्च ते मे या काळात ना पऱ्हाटीला बोंड असतं, ना ऐनाला अळीला आवडेल असं कोवळं पान. मग हे कीटक तेव्हा जातात कुठं?

दोघांनीही एकच युक्ती शोधली आहे: लांब झोप. शरीराचे व्यवहार जवळजवळ थांबवून महिनोन् महिने पडून राहायचं. दिवस लहान होऊ लागले, गारवा आला की शरीराला इशारा मिळतो की पुढं अन्न नाही, आता झोपा.

तसर ही झोप कोषात घेतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला अळी फांदीला रेशमाचा देठ बांधते आणि त्याला अंड्यासारखा टणक कोष लटकवते. आत तिचं रूप बदलतं आणि ती पावसाळ्याची वाट पाहत राहते. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांच्या माळा करून त्या हवेशीर, सावलीच्या खोलीत टांगतात. पाऊस आला, हवेत ओल आली की पतंग एक खास द्रव सोडतो, त्यानं कोषाचं तोंड मऊ होतं आणि तो बाहेर येतो. या पतंगाला काम करणारं तोंडच नसतं. तो आयुष्यात एकदाही जेवत नाही. अळी असताना साठवलेल्या शिदोरीवर आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घातली की संपतो.

बोंडअळी झोपते ती अळीच्या रूपातच. हंगामाच्या शेवटी ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात दडते. कधी न वेचलेल्या बोंडात, कधी पऱ्हाटीच्या ढिगात, कधी मातीतल्या पालापाचोळ्यात, कधी थेट जिनिंगमध्ये गेलेल्या सरकीत. तिथं ती सहज सहा-आठ महिने काढू शकते.

आता बघा, तसर पाळणारा माणूस काय करतो? झोपलेल्या कोषांना जपतो, कारण पुढच्या वर्षीचं पीक त्यातच आहे. आपण बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग रचून ठेवतो, तेव्हा नकळत नेमकं हेच करतो. फक्त जपतो ते बोंडअळीला.

कारंज्यात बोंडअळी इतकी का माजली?

जंगलात ऐनाचं झाड एकटं नसतं. शेजारी मोह असतो, साग असतो, तेंदू असतो. तसरच्या अळीला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायचं तर वाटेत शत्रू भेटतात. त्यामुळं तिची संख्या आपोआप आटोक्यात राहते.

कापसाच्या पट्ट्यात चित्र वेगळं आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीत कापूस शेकडो वर्षांचा. इंग्रजांच्या काळात यवतमाळहून कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' रेल्वे घातली गेली, ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी. आज सोयाबीन आणि तुरीनं बरीच जागा घेतली असली, तरी वाशीम, यवतमाळ, अकोला आणि अमरावती असा सलग कापसाचा पट्टा आहे. एकाच जातीचं झाड, मैलोन् मैल, आणि बोंडं धरायची वेळही मागंपुढं. बोंडअळीला यापेक्षा जास्त काय हवं? महिन्याभरात तिची एक पिढी पूर्ण होते. एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात.

यावर उपाय म्हणून २००२ मध्ये बीटी कापूस आला, आणि २००६ मध्ये दोन जनुकांचा बोलगार्ड-२. ही 'बीटी' भानगड काय आहे? बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जीवाणू आहे, त्याच्या नावाची ही आद्याक्षरं. हा जीवाणू एक प्रथिन बनवतो. ते अळीच्या आतड्यात गेलं की आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. हे प्रथिन बनवणारं जनुक कापसात घातलं.

आणि इथं आपल्या दोन कीटकांचं नातं पुन्हा जुळतं. हा जीवाणू पहिल्यांदा सापडला तो १९०१ मध्ये जपानमध्ये, आणि सापडला कशात? आजारी पडून मरणाऱ्या रेशीमकिड्यांत! म्हणजे रेशीम पाळणाऱ्यांचा जो शत्रू होता, तोच शंभर वर्षांनी कापूसवाल्यांचा मित्र म्हणून बाजारात आला.

पहिली काही वर्षं बीटीनं चांगलं काम केलं. पण २०१० मध्ये गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीनं पहिल्या बीटीला दाद देणं बंद केल्याचं जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या पिढीच्या बीटीचंही तेच झालं आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रानं त्याचा जोरदार फटका सोसला. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. बोंडअळी हा फक्त उताऱ्याचा प्रश्न नाही, तो जिवावर बेततो, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

मग बीटी का हरलं? कारणं तीन.

पहिलं, गुलाबी बोंडअळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो असं बरंच काही चालतं. त्यामुळं तिच्यातल्या बऱ्याच अळ्यांची बीटीशी गाठच पडत नाही आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. गुलाबीला ती सवलत नाही. सगळीकडं बीटी म्हटल्यावर जी अळी बीटी पचवू शकली तीच वाचली, तिचीच पिल्लं वाढली.

दुसरं, बीटीच्या कडेनं बिगर बीटी कापसाच्या ओळी लावायच्या होत्या. त्यासाठी बियाण्याच्या पाकिटाबरोबर वेगळी पुडीही मिळायची. कल्पना अशी की त्या ओळींवर साध्या अळ्या जगतील, त्यांचा संकर प्रतिकार आलेल्या पतंगांशी होईल आणि प्रतिकार पातळ होत जाईल. पण 'अळीसाठी जागा का सोडायची?' म्हणून बहुतेकांनी ती पुडी बाजूला ठेवली.

तिसरं, फरदड. ओलिताची सोय असली की जानेवारीनंतरही पऱ्हाटी ठेवायची, आणखी एक-दोन वेचण्या काढायच्या. चार पैसे जास्त मिळतात हे खरं, पण बोंडअळीलाही दोन पिढ्या जास्त मिळतात.

दोघांची तुलना थोडक्यात

- घर: बोंडअळी काळ्या मातीतल्या कापसाच्या बोंडात. तसर जंगलातल्या ऐन-अर्जुनाच्या झाडावर.
- खाणं: एक सरकी खाते, दुसरी पानं.
- आकार: बोंडअळी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. तसरची अळी तिच्या कितीतरी पट.
- बचाव: एक लपून राहते, दुसरी पानाच्या रंगात मिसळते.
- उन्हाळ्याची झोप: बोंडअळी जोडसरकीत, अळी म्हणूनच. तसर कोषात.
- वाढीचा वेग: बोंडअळीच्या हंगामात चार-सहा पिढ्या. तसरचं आपल्याकडं वर्षाला साधारण दोनदा पीक.
- माणसाशी नातं: एकीला मारण्यासाठी खर्च, दुसरीला जगवण्यासाठी राखण.

अमेरिकेनं ही अळी संपवली. कशी?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही अळी सरकीत दडून इजिप्तला गेली, तिथून मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पोचली. शंभर वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेनं आपल्या कापूस पट्ट्यातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

त्यांनीही बीटीच वापरलं, पण एकटं नाही. पीक वेळेत संपवलं, धसकटं नांगरून टाकली, मादीच्या कृत्रिम गंधानं नरांना गोंधळात टाकलं आणि प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग शेतांवर विमानानं सोडले. मुख्य म्हणजे हे एका शेतानं नाही, तर सगळ्या पट्ट्यानं मिळून केलं. आपल्याकडं शेतं लहान आणि शेतकरी जास्त, त्यामुळं त्यांची नक्कल जशीच्या तशी जमणार नाही. पण त्यातला गाभा आपल्या आवाक्यातला आहे: अळीची झोप मोडा आणि तिची जेवणाची वेळ चुकवा.

कारंज्याच्या शेतकऱ्याला काय करता येईल?

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं जे सांगत आले आहेत, त्याचा अर्थ वरची माहिती वाचल्यावर नीट लागतो.

मे महिन्यात पेरणी टाळा. पहिल्या पावसांनंतर झोपेतून उठलेले पतंग अंडी घालायला पात्या-फुलं शोधतात. ती तेव्हा नसली तर पतंग उपाशी वंशानं मरतात. हंगामापूर्वी लावलेला कापूस म्हणजे त्यांना आयतं ताट.

कामगंध सापळे लावा. मादी नराला बोलावण्यासाठी हवेत गंध सोडते. तसरचा नर पिसासारख्या मिशांनी असाच गंध हुंगत मादीपर्यंत पोचतो. बोंडअळीच्या मादीचा गंध १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखला आणि आता तो गोळीत भरून मिळतो. एकरी दोन सापळे पाहणीसाठी पुरतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजा.

डोमकळ्या तोडा आणि बोंडं फोडून बघा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीस हिरवी बोंडं फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी सापडली तर नुकसानीची पातळी गाठली. बाहेरून बघून अंदाज बांधू नका. तोडलेल्या डोमकळ्या बांधावर टाकू नका, नष्ट करा.

सुरुवातीला जहाल औषध नको. निंबोळी अर्क, अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाशीची कार्डं, हे पहिल्या टप्प्याचे उपाय. पुढं रासायनिक फवारणी लागलीच तर कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून करा. दोन-तीन औषधं एकत्र मिसळू नका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, मास्क-हातमोजे घाला. २०१७ विसरू नका.

डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत पीक संपवा. फरदड नको. पऱ्हाट्या बारीक करून मातीत मिसळा किंवा खत करा. जळणासाठी हव्याच असतील तर त्यावरची किडकी बोंडं आधी काढून नष्ट करा. नंतर शेत खोल नांगरा, म्हणजे मातीतल्या अळ्या-कोष उन्हात आणि पक्ष्यांच्या चोचीत जातील.

जिनिंगचंही काम आहे. गावोगावची बोंडअळी कापसाबरोबर तिथंच गोळा होते. जिनिंगच्या आवारात सापळे आणि किडक्या सरकीची वेळेत विल्हेवाट लावली, तर आजूबाजूच्या गावांवरचा भार कमी होतो.

यातलं एकही काम एकट्यानं करून भागत नाही. पतंग बांध ओळखत नाही. तुम्ही पऱ्हाटी काढली आणि शेजाऱ्यानं मार्चपर्यंत ठेवली, तर जूनमध्ये पतंग दोघांच्याही शेतात येणार. म्हणून हे गावानं एकत्र बसून ठरवायचं काम आहे.

म्हणजे बोंडअळी 'वाईट' आणि तसर 'चांगला'?

किड्याला चांगलं-वाईट काही कळत नाही. बोंडअळी सरकी खाते, तसर पान खातो. फरक आपल्या मांडणीचा आहे. आपण एका अळीला मैलोन् मैल एकच पीक, लांबलेला हंगाम आणि झोपायला पऱ्हाट्यांचे ढीग दिले. दुसरीला मात्र जंगल कमी कमी होत असताना मोजकी झाडं उरली. तसर पाळणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी आहे: ऐन-अर्जुनाची झाडं टिकली पाहिजेत, उन्हाळा फार तापला तर कोषातला जीव वाचला पाहिजे आणि अवेळी पावसानं पतंग भलत्या वेळी बाहेर पडू नयेत.

विदर्भात विणली जाणारी करवत काठी साडी तुम्ही पाहिली असेल. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असते, म्हणून हे नाव. तिचं अंग तसर रेशमाचं असतं आणि काठात पारंपरिकरीत्या सुती धागाही वापरतात. म्हणजे झाडीपट्टीतल्या अळीनं कातलेला धागा आणि काळ्या मातीतल्या बोंडातून, बोंडअळीच्या तावडीतून सुटलेला धागा एकाच साडीत शेजारी शेजारी बसतात.

तुमच्या गावाच्या ग्रुपवर पुढच्या वेळी 'बीटी लावलंय, अळी येणारच नाही' किंवा 'हे एक औषध मारा, बोंडअळी कायमची गेली' असा मेसेज आला, तर त्याखाली एवढंच विचारा: तुमच्या बांधावर मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या अजून आहेत का?